संपलेल्या आणि बंद पडलेल्या सुपरहिरो मालिका

बाड्यावरचा

नमस्कार मंडळी,

मराठीत आपण 'मालिका संपली' असेही म्हणतो आणि 'मालिका बंद पडली' असेही म्हणतो, आणि बोलताना या दोहोंत सहसा गल्लत करत नाही. गिरणी बंद पडते, हातपंप बंद पडतो, स्कूटर भर रस्त्यात बंद पडते. यांपैकी कशालाही आपण 'संपली' म्हणत नाही, कारण तिला जिथे पोचायचे होते तिथे ती पोचलेली नसते. सुपरहिरोंच्या मालिकांची गेली पंचवीस वर्षे निष्ठेने पारायणे केल्यावर माझे असे मत झाले आहे की यांतल्या फार थोड्या मालिका संपल्या आणि उरलेल्या सगळ्या बंद पडल्या. त्यामुळे त्यांतली एखादी पुन्हा सुरू होते तेव्हा मी तिला एकच प्रश्न विचारतो: आपण कुठे बंद पडलो होतो ते हिला आठवते का?

हा प्रश्न मला कुठून सुचला तेही सांगून टाकतो. १९९९ च्या मे महिन्यातला रविवार होता, दुपारचे बारा वाजत आले होते आणि आमच्या दौलतगंजात नेहमीप्रमाणे लाइट गेलेली होती. 'शक्तिमान' बुडणार म्हणून मी रडकुंडीला आलो होतो. ते पाहून शेजारच्या भाऊकाकांनी आपल्या जीपची बॅटरी काढून आणली आणि आमचा चौदा इंची कृष्णधवल टीव्ही तिला जोडून दिला. बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरी पूड जमली होती, ती त्यांनी चिंचेच्या कोळाने घासून काढली, आणि पंधराएक पोरे, दोन आज्या व एक पोस्टमन असे आम्ही सगळे त्या उकाड्यात पडद्यासमोर बसलो. बॅटरी उतरू लागली की असल्या टीव्हीवरचे चित्र एकदम जात नाही, ते चारी बाजूंनी आकसत जाते. खलनायक डॉ. जैकाल आपल्या प्रयोगशाळेत 'पॉवर' म्हणून ओरडत होता आणि त्याच्या भोवतीची काळी चौकट रुंदावत चालली होती. शेवटी तो पोस्टकार्डाएवढा झाला आणि विझला. त्या भागात पुढे काय झाले ते मला कोणीही नीट सांगू शकले नाही, कारण आमच्या सगळ्या गल्लीचीच लाइट गेलेली होती.

मोठ्या मालिकांचेही जवळजवळ असेच होते, फक्त बॅटरी दुसऱ्या कोणाची असते. १९९० साली सीबीएस वाहिनीने 'द फ्लॅश' सुरू केली, जॉन वेस्ली शिप हा तिचा नायक होता आणि त्या काळाच्या मानाने तिच्यावर खर्चही बराच झाला होता. परंतु वाहिनीने ती गुरुवारी रात्री 'द कॉस्बी शो' आणि 'द सिम्पसन्स' यांच्या समोर लावली, म्हणजे नवख्या पैलवानाला पहिल्याच दिवशी दोन-दोन हिंदकेसरींशी कुस्ती खेळायला लावली. १९९१ मध्ये एकाच पर्वानंतर ती गुंडाळली गेली.

आता पुढचे पाहा. २०१४ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर नवी 'द फ्लॅश' आली आणि तिच्यात शिपला नव्या नायकाच्या बापाची भूमिका मिळाली. इथवर तो केवळ सौजन्याचा भाग होता, असे जुन्या नटांना बोलावतातच. खरी गोष्ट डिसेंबर २०१९ मध्ये घडली. अनेक मालिका एकत्र आणून केलेल्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या कथेत शिप आपल्या जुन्या फ्लॅशच्याच वेषात आला, नव्या फ्लॅशचे मरण त्याने स्वतःवर घेतले, आणि तो धावत धावत विरून जात असताना पडद्यावर १९९० च्या मालिकेतले एक खरेखुरे दृश्य काही क्षण दाखवले गेले. बंद पडलेली मालिका अठ्ठावीस वर्षांनी, दुसऱ्याच्या घरात, संपली. मी त्या वेळी चाळिशीकडे झुकलो होतो आणि शेजारच्या खोलीत सौभाग्यवती होत्या, म्हणून डोळे पुसायला पाणी पिण्याचे निमित्त करावे लागले.

आपापली उदाहरणे लिहा. न पटल्यास तसेही लिहा.

निशिगंध

दादा, लेख आवडला. चिंचेचा कोळ विशेष आवडला, आमच्याकडे त्या कामाला सोडा लावत.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत चोख उतरणारी मालिका माझ्या मते 'एक्स-मेन ९७' ही आहे. मूळ कार्टून मालिका १९९२ ते १९९७ अशी चालली, ७६ भाग झाले, आणि शेवटच्या भागात मरणाच्या दारात असलेले प्राध्यापक झेवियर, म्हणजे एक्स-मेन या वीरांचे गुरू आणि त्यांच्या शाळेचे प्रमुख, पृथ्वी सोडून परग्रहावर उपचारांसाठी गेले. हा शेवट म्हणजे धड शेवटही नव्हता आणि धड सुरुवातही नव्हती. मार्च २०२४ मध्ये नवी मालिका आली तेव्हा तिने तेच आद्यसंगीत ठेवले, जुन्या आवाजांपैकी बरेच जण परत आणले, नावातच ९७ हा आकडा घातला आणि गोष्टही तिथूनच उचलली: सर घरात नाहीत, पोरे पोरकी झालेली आहेत, आणि सरांच्या मृत्युपत्राप्रमाणे शाळा आता मॅग्नेटोच्या, म्हणजे आयुष्यभराच्या वैऱ्याच्या, ताब्यात जायची आहे. मधली सत्तावीस वर्षे त्यांनी आपल्या, म्हणजे प्रेक्षकांच्या, खात्यावर टाकली. पहिल्या वेळी पाहणारे आता मोठे झाले आहेत हे ओळखून पाचव्या भागात जेनोशा या उत्परिवर्तितांच्या, म्हणजे एक्स-मेनसारख्या जन्मजात अद्भुत शक्ती असलेल्यांच्या, देशावर जो हल्ला दाखवला आहे, तो १९९७ साली मुलांच्या वेळेत कोणी दाखवू दिला नसता.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याने मूळ मालिकेतले एकही दृश्य पाहिलेले नव्हते. पाचवा भाग संपल्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने विचारले, "आई, याच्या आधीचे तुला सगळे ठाऊक होते का?" त्या रात्रीपासून आम्ही दोघे १९९२ पासून रोज दोन-दोन भाग पाहत आहोत, आणि जुने चित्रण किती साधे आहे याची त्याला गंमत वाटते. पुनरुज्जीवित मालिका जुनीकडे परत जायला लावते की जुनी विसरायला लावते, हाही एक निकष तुमच्या प्रश्नाला जोडावा असे सुचवते.

कंदील

डिसेंबर २०१९ चा कळीचा प्रसंग आणि जेनोशा हे दोन्ही कोणतीही पूर्वसूचना न देता फोडल्याबद्दल दोघांचे आभार. धाग्याच्या शीर्षकात 'स्पॉयलर आहेत' एवढे दोन शब्द घालावेत, ही विनंती.

विष्णुपंत

चिरंजीव बाड्यावरचा, पंधरा पोरांत बहुधा माझा पुतण्याही होता.

मी निवृत्तीपूर्वी रेडिओ-टीव्हीवर जाहिरातींची वेळ विकून देणाऱ्या एका लहानशा संस्थेत काम करत होतो, त्यामुळे ही 'बॅटरी' कोणाची असते याबद्दल दोन शब्द लिहितो. दूरदर्शनवर प्रायोजित कार्यक्रमांची पद्धत अशी होती की मालिका निर्मात्याने स्वखर्चाने बनवायची, प्रत्येक भागासाठी प्रक्षेपण शुल्क दूरदर्शनला भरायचे, आणि त्या बदल्यात जाहिरातींचे जे ठरावीक सेकंद मिळत ते बाजारात विकून खर्च वसूल करायचा. या सेकंदांना धंद्यात 'एफसीटी' म्हणत. याचा अर्थ असा की मालिका जितकी लोकप्रिय तितके शुल्क चढे, आणि शुल्क चढले की तेवढेच सेकंद आणखी महाग विकण्याची कसरत निर्मात्याला करावी लागे. 'शक्तिमान' १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाली आणि मार्च २००५ मध्ये थांबली. शुल्क वाढत गेल्याने ती परवडेनाशी झाली असे शक्तिमानाचे काम करणारे मुकेश खन्ना यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे. म्हणजे प्रेक्षक कमी झाले म्हणून दुकान बंद, असा सरळ हिशेब तिथे नव्हता. गिऱ्हाइकांची रांग पाहून जागामालकाने भाडे वाढवले, असा होता. मुलांनी शक्तिमान वाचवायला येईल म्हणून उड्या मारल्याच्या बातम्यांनी त्या काळी जे वादळ उठले, त्याचा ताप वेगळा.

अमेरिकेत मात्र कधी कधी खेळणी हा मालक असतो. 'यंग जस्टिस' ही कार्टून मालिका २०१३ मध्ये थांबली तेव्हा ती पाहणारे पुष्कळ होते, परंतु तिच्या निर्मितीला ज्या खेळण्यांच्या विक्रीचा आधार होता ती विक्री अपेक्षेएवढी झाली नाही. तिच्या कर्त्यांपैकी ग्रेग वाइझमन यांनी हे उघडपणे सांगितले आहे. गोष्ट थोराड मुलांची आणि खेळणी लहानांची, हे गणित जुळणार तरी कसे! पुढे तिच्या चाहत्यांनी ती ओटीटीवर पुन्हा पुन्हा पाहण्याचा धडाका लावला, २०१६ मध्ये तिसऱ्या पर्वाची घोषणा झाली आणि २०१९ मध्ये ते आले. आमच्या वेळी चाहत्यांनी पोस्टकार्डे पाठवली तरी आम्ही ती मोजून बांधून ठेवत असू, त्यांचे पुढे काय करायचे ते आम्हालाही ठाऊक नसे.

जुन्या मंडळींसाठी आणखी एक. १९६६ ची ॲडम वेस्ट यांची 'बॅटमॅन' मालिका १९६८ मध्ये १२० भागांनंतर एबीसीने थांबवली. दुसरी वाहिनी ती चालवायला तयार झाली, पण तोवर सेट मोडून टाकलेले होते आणि ते नव्याने उभारण्याचा खर्च पाहून तिने हात आखडता घेतला, असा किस्सा तेव्हापासून सांगितला जातो. मांडव सोडवल्यावर वऱ्हाड आले, दुसरे काय.

प्राची_मुरार

बाड्यावरचा दादा आणि विष्णुकाका, थोडा मतभेद नोंदवते.

बंद पडलेली प्रत्येक मालिका पुन्हा सुरू व्हावी अशी चाहत्यांची जी भूक असते, तिच्याबद्दल या धाग्यावर फारच प्रेमाने लिहिले जात आहे. 'हीरोज' या मालिकेचे उदाहरण घ्या. २००६ मध्ये तिचे पहिले पर्व गाजले, दुसरे लेखकांच्या संपामुळे अकरा भागांतच आवरावे लागले, त्यानंतर तिचा तोल पुन्हा सावरला नाही आणि २०१० मध्ये ती गेली. २०१५ मध्ये 'हीरोज रीबॉर्न' आली. तिला आपण कुठे बंद पडलो ते नीट आठवत होते, जुनी काही पात्रेही होती, तरीही तेरा भागांत तिचा पुन्हा शेवट झाला. म्हणजे दादांच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊनही ती मालिका वाईटच होती. आठवण असणे पुरेसे नाही, सांगायला काही असावे लागते.

उलट मला सर्वांत आदर वाटतो तो 'सुपरमॅन अँड लोइस' या मालिकेबद्दल, कारण तिने पुनरुज्जीवनाला जागाच ठेवली नाही. तिच्या चौथ्या आणि शेवटच्या पर्वासाठी पैसा कमी करण्यात आला, नेहमीच्या नटांपैकी बऱ्याच जणांना पूर्णवेळ ठेवता आले नाही, भागही दहाच मिळाले. लेखकांनी त्या दारिद्र्याचा कथेत उपयोग करून घेतला. डिसेंबर २०२४ मधल्या अखेरच्या भागात (कंदील, इथे डोळे मिटा) त्यांनी क्लार्क, म्हणजे सुपरमॅन, आणि त्याची बायको लोइस यांचे पुढचे सगळे आयुष्य दाखवले: तिचा आजार उलटून तिचे जाणे, त्यानंतर त्याचे एकट्याचे म्हातारपण, शेजारी पडून राहणारा कुत्रा, आणि अंगात बसवलेले माणसाचे हृदय थकल्यामुळे त्याचेही जाणे. सुपरमॅन म्हातारा होऊन अंथरुणावर मरतो हे मी पहिल्यांदा पाहिले. माझ्या आजोबांच्या शेवटच्या महिन्यात मी त्यांच्या उशाशी बसत असे, त्यामुळे त्या दृश्यात क्लार्कच्या हातावरची कातडी ज्या पद्धतीने दाखवली आहे तिथे मला थांबावे लागले. या मालिकेला कोणी पुन्हा सुरू करा म्हणून मोहीम काढली तर मी त्या मोहिमेविरुद्ध सही करीन.

याच, म्हणजे सीडब्ल्यू, वाहिनीवरच्या 'लेजंड्स ऑफ टुमॉरो'ची सगळी टोळी सातव्या पर्वाच्या अखेरीस पकडली गेली, २०२२ च्या एप्रिलमध्ये मालिका रद्द झाली, आणि ती मंडळी अजून कोठडीतच आहेत. वाहिनी विक्रीला निघाली होती, मग कैद्यांना जामीन देणार कोण?

कंदील

डोळे मिटून वाचता येत नाही, प्राचीताई.

बाड्यावरचा

प्राचीताईंचा मुद्दा मान्य आहे. आठवण असणे ही पुनरुज्जीवनाची किमान अट आहे, त्यावर इमारत उभी करायला गोष्टच लागते. परंतु आठवण नसली तर काय होते याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्यासमोर आहे की त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

'डेअरडेव्हिल' नेटफ्लिक्सवर एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाली, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तिचे तिसरे पर्व आले, आणि ते आवडल्याच्या चर्चा चालू असतानाच २९ नोव्हेंबरला ती रद्द झाल्याची बातमी आली. त्याच काळात मार्व्हलच्याच पात्रांवरच्या 'आयर्न फिस्ट' आणि 'ल्यूक केज' गेल्या होत्या, फेब्रुवारी २०१९ मध्ये 'पनिशर' आणि 'जेसिका जोन्स' यांचाही निरोप झाला. मार्व्हलची मालक असलेली डिस्ने त्या वेळी स्वतःची ओटीटी सेवा उभारत होती आणि ती नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. भाऊबंदकीत ज्याच्या नावावर सात-बारा त्याचे शेत, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. चाहत्यांनी 'सेव्ह डेअरडेव्हिल' ही मोहीम चालवली, डिसेंबर २०२१ मध्ये तिचा नायक चार्ली कॉक्स एका स्पायडरमॅन चित्रपटात दोन मिनिटे दिसला, त्याच महिन्यात तिचा खलनायक, व्हिन्सेंट डोनोफ्रिओचा किंगपिन, 'हॉकआय' मालिकेत परतला, आणि जुलै २०२२ मध्ये 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन' ही अठरा भागांची मालिका जाहीर झाली.

आता मुख्य मुद्दा. या नव्या मालिकेचे चित्रण २०२३ मध्ये सुरू झाले तेव्हा तिच्यात नायकाचे दोन जिवलग, फॉगी नेल्सन आणि कॅरन पेज, नव्हतेच. तीन पर्वे ज्या तिघांच्या वकिलीच्या कचेरीवर उभी होती, त्यांतले दोघे जणू कधी जन्मलेच नव्हते. हॉलिवूडमधल्या संपामुळे काम थांबले, तोवर तयार झालेले भाग वरिष्ठांनी पाहिले, आणि मग मुख्य लेखकांना रजा देऊन डारिओ स्कारडापेन यांच्याकडे सूत्रे सोपवण्यात आली. त्यांनी एक नवा पहिला भाग आणि दोन नवे शेवटचे भाग रचले, मधले पुष्कळसे जुने चित्रण तसेच ठेवले. पहिले पर्व नऊ भागांचे होऊन ४ मार्च २०२५ पासून आले.

पाहताना हा सांधा हाताला लागतो. जुन्या नऊवारीचे काठ काढून नव्या कापडाला लावावेत तसे पहिल्या आणि शेवटच्या भागांचे पोत एक आहे आणि मधल्यांचे दुसरे. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच तिघे मित्र त्यांच्या नेहमीच्या बारमध्ये एकत्र असतात, आणि पंधरा मिनिटांच्या आत (कंदील, क्षमस्व) फॉगीला बाहेर रस्त्यावर गोळी लागते. गच्चीवर उभ्या असलेल्या मॅटला, म्हणजे डेअरडेव्हिलला, खाली पडलेल्या मित्राच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, आणि तो ते मंदावत थांबेपर्यंत ऐकतो. मित्र कथेत का नाहीत याचा जाब विचारणाऱ्या प्रेक्षकाला याहून प्रामाणिक उत्तर देता आले नसते: ते होते, आणि त्यांतला एक आता गेला. या एका दृश्याने नंतरच्या सहा सांधलेल्या भागांना मी मनातल्या मनात माफ करून टाकले.

निशिगंध

जुन्या काळात हे अधिक हुशारीने केले जात असे का, अशी मला शंका येते. लिंडा कार्टर यांची 'वंडर वूमन' एबीसीवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडत होती. १९७७ मध्ये ती सीबीएसवर गेली आणि कथा एकदम सत्तरच्या दशकात आली. नायिका अॅमेझॉन, म्हणजे चिरतरुण वीरांगनांच्या कुळातली, असल्यामुळे तिचे वय वाढले नाही, नायकाच्या जागी त्याचा मुलगा आला, आणि तो मुलगाही लायल वॅगनर यांनीच केला. बापाच्या चेहऱ्याचा मुलगा समोर आल्यावर तिचे क्षणभर थबकणे हीच त्या मालिकेची मधल्या तीस-पस्तीस वर्षांना दिलेली पोचपावती होती. युद्धकाळाचे कपडे आणि मोटारी वाचल्या, ते वेगळेच.

विष्णुपंत

निशिगंधताई, त्यात 'हल्क'ची भर घालतो. बिल बिक्सबी आणि लू फेरिग्नो यांची ती मालिका सीबीएसने १९८२ मध्ये थांबवली तेव्हा रागावला की हल्क होणारा डॉ. बॅनर रस्त्याने चालतच राहिला होता. पुढे एनबीसीने १९८८ पासून तीन वर्षे दरवर्षी एक असे तीन दूरचित्रपट काढले. त्यांतल्या दुसऱ्यात डेअरडेव्हिल आहे, हे आजच्या पोरांना सांगून पाहा, पटत नाही. तिसऱ्यात हल्क विमानातून खाली कोसळतो आणि बॅनर होऊन मरतो, आणि मरताना मोकळा झाल्याचे म्हणतो. पाठीवर पिशवी टाकून गावोगाव हिंडणाऱ्या त्या माणसाला आठ वर्षे थांबून मुक्काम मिळाला.

कंदील

१९९० सालचा शेवट फोडल्याबद्दल तक्रार करत नाही. तेवढी मुदत उलटली आहे.

माझा प्रश्न बाड्यावरच्या दादांना आहे. 'शक्तिमान'चे काय? २०२२ मध्ये मोठ्या चित्रपटाची घोषणा झाली, नोव्हेंबर २०२४ मध्ये मुकेश खन्ना यांनी स्वतः त्या वेषात येऊन झलक दाखवली, आणि लोकांनी त्यांच्या वयावरून थट्टा केली. तुमच्या नियमाप्रमाणे तो कसा परतावा?

बाड्यावरचा

मी त्या थट्टेत सामील नव्हतो. वय झालेला शक्तिमान हीच मला त्यातली एकमेव जिवंत शक्यता वाटते.

मालिकेत शक्तिमानाची सगळी गंमत गंगाधरात, म्हणजे त्याच्या साध्या माणसाच्या सोंगात, होती. पुढे आलेले दात, जाड भिंगांचा चष्मा, भांग पाडून चोपडलेले केस आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत सगळ्यांनी उडवलेली टर. नवी मालिका निघाली तर तिने गरगर फिरण्याची दृश्ये नव्या तंत्राने करण्यावर पैसा घालवू नये. ते वृत्तपत्र चालते की बंद पडले, त्याच्याबरोबरची वार्ताहर गीता विश्वास आता कुठे आहे, साठी ओलांडलेल्या गंगाधराला रोज सकाळी कुंडलिनी जागृत करताना गुडघे साथ देतात का, आणि 'सॉरी शक्तिमान' म्हणणारी पोरे आज आपापल्या मुलांना काय म्हणायला लावतात, एवढे तिने सांगावे. खलनायक किल्विषचा अंधार अजूनही कायम आहे का, हे आमच्या दौलतगंजात विचारले तर उन्हाळ्यातल्या कोणत्याही दुपारी उत्तर मिळेल.

आणि एक राहिले. एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'शक्तिमान' पुन्हा दाखवायला सुरुवात केली तेव्हा मी एका वहीत भागांची नोंद ठेवत होतो. बऱ्याच आठवड्यांनी डॉ. जैकालचा तो भाग आला. भाऊकाका तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते, त्यांना मी तोंडाला रुमाल बांधून आमच्या ओसरीवर बोलावले आणि टीव्ही खिडकीकडे तोंड करून ठेवला. भाग पूर्ण झाला. पुढचा अर्धा भाग सरळच निघाला, त्यात फारसे काही नव्हते. काका उठताना म्हणाले, "एवढ्यासाठी मी जीपची बॅटरी काढली होती होय रे!"

शीर्षकात 'स्पॉयलर आहेत' हे शब्द घालण्याची विनंती संपादकांकडे पाठवली आहे.